फॉरमॅट मारण्याआधी

हा ब्लॉग वाचणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक, माझ्यासारखेच रिकाम्या वेळात लिहिणारे ब्लॉगर मित्र, आणि दोन, आमचे नातेवाईक. पहिल्यांना ही पोस्ट जरा घरगुती वाटेल, दुसऱ्यांना जरा टेक्निकल. दोघांनीही सांभाळून घ्यावं. कारण ही पोस्ट म्हणजे एक माफीनामा आहे, आणि तो जाहीरच असायला हवा.

झालं असं होतं की डिसेंबर २०२२ मध्ये कारंज्याला एका लग्नात, जेवणं चालू असताना, मी निदान वीस-पंचवीस जणांना सांगितलं होतं की भाच्याने गेम खेळून खेळून आमच्या कॉम्प्युटरची पार वाट लावली. लोक हसले. मीही हसलो. काकू म्हणाल्या, "आजकालची पोट्टी अशीच, बाप्पा." तो तिथेच होता. वाढायला मदत करत होता. त्याच्या हातात जिलबीचं ताट होतं हे मला अजून आठवतं.

तर ते खोटं होतं. मुद्दाम बोललेलं खोटं नव्हे, पण खोटंच. कॉम्प्युटर त्याने बिघडवला नव्हता. पुढे मे २०२३ मध्ये खरं कळलं आणि मी त्याची घरात माफी मागितलीही. पण परवा दिवाळीत तो आला तेव्हा सहज म्हणाला, "मामा, आरोप लग्नात केला होता, माफी स्वयंपाकघरात." मुद्दा बिनतोड होता. म्हणून हा लेख.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

भाचा म्हणजे ताईचा मुलगा. मानोरा तालुक्यातल्या गावाहून अकरावी-बारावीसाठी वाशिमला आमच्याकडे राहायला आलेला. कॉम्प्युटर म्हणजे २०१४ मध्ये अकोल्याहून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप. आमच्याकडे त्या लोखंडी डब्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात, मीही म्हणतो. त्यात रॅमच्या दोन पट्ट्या, चार-चार जीबीच्या, डीडीआर-३ जातीच्या. वापरणारे तिघं. आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक, रोज सकाळी तासभर आपल्या नोकरीच्या आठवणी टाईप करायचे. मी रात्री ब्लॉग आणि फोटो बघायचो. आणि भाचा फिजिक्सचे व्हिडिओ बघायचा आणि अधूनमधून एक गाड्यांचा गेम खेळायचा. अधूनमधून म्हणजे रोज. सतरा वर्षांचा मुलगा दुसरं काय करणार?

ऑक्टोबर २०२२ च्या दिवाळीच्या आसपास निळा स्क्रीन यायला लागला. काम चालू असताना मध्येच सगळं निळं, एक रडका चेहरा, खाली इंग्रजीत काहीतरी, आणि मशीन आपोआप पुन्हा चालू. गंमत म्हणजे ते खालचं इंग्रजी दरवेळी वेगळं. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. आणि हे सगळं बहुतेक वेळा भाचा बसलेला असतानाच व्हायचं. आबांच्या सकाळच्या तासात कधीच नाही.

झालं. आमच्या घरच्या कोर्टात एवढा पुरावा भरपूर होता.

मी मशीन दुकानात नेलं. दुकानदार ओळखीचा, माणूस चांगला. त्याने चालू करून पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान केलं.

"भाऊ, इंडोज गेलं हाये. फारमॅट माराव लागते."

"कशामुळे गेलं?"

"पोट्टे गेम डाऊनलोड करतात नं. व्हायरस येते."

तीनशे रुपये, दुसऱ्या दिवशी मशीन परत. आठ दिवस छान चाललं. नवव्या दिवशी निळा स्क्रीन. पुन्हा नेलं. यावेळी निदान, "लाईट जाते नं तुमच्याकडं, एसएमपीएस कमजोर झाला." साडेआठशे. वर पुन्हा फॉरमॅट, तीनशे. पंधरा दिवस बरं चाललं. मग पुन्हा तेच. आता म्हणे हार्डडिस्क. जुनी काढून नवी एसएसडी, बावीसशे, आणि तिच्यावर नवं विंडोज घालायचे तीनशे. एकूण तीन हजार नऊशे पन्नास. बिलं अजून माझ्याकडे आहेत, म्हणून आकडा बरोबर आहे.

या सगळ्या काळात भाच्याने मला एकच प्रश्न विचारला होता. नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्या फॉरमॅटनंतर. "मामा, व्हायरस असता तर फॉरमॅट केल्यावर गेला असता ना?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते. तरी लिहितो. म्हणालो, "तू जास्त शहाणपणा करू नको, अभ्यास कर." आणि कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. त्याने बारावीचा उरलेला अभ्यास मोबाईलच्या स्क्रीनवर व्हिडिओ बघून केला. ताईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने गावाहून त्याला वेगळं झापलं, ते वेगळंच.

मार्च २०२३ मध्ये परीक्षा संपली आणि तो गावी गेला. आणि एप्रिलच्या एका दुपारी, मी ब्राउझरमध्ये तीसेक टॅब उघडून फोटो निवडत बसलो होतो, तेव्हा निळा स्क्रीन आला. दोन दिवसांनी पुन्हा. विंडोज कोरं, एसएसडी नवी, एसएमपीएस नवा, भाचा साठेक किलोमीटर लांब. घरात आरोपीच उरला नाही! पहिल्यांदा मनात उन्हावर ढकललं. एप्रिलमधलं वाशिम, डोकं चालत नाही तिथे मशीन काय चालणार. मग रात्री अकरा वाजता, कूलर चालू, हवा बरी, तेव्हाही आला. मग मात्र त्याचा नोव्हेंबरचा प्रश्न आठवला.

फॉरमॅटने जे जात नाही ते डिस्कवर नसतं. दरवेळी वेगळा संदेश येतो, म्हणजे एखादा ठरावीक प्रोग्रॅम वाईट नाही. सगळ्या प्रोग्रॅमना ज्याच्यावर पाय ठेवून उभं राहावं लागतं ती जमीनच कुठेतरी पोकळ आहे. ती जमीन म्हणजे रॅम.

ब्लॉगर मित्रांना हे माहीत असेल, पण काकूंसाठी सांगतो. हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट, आणि रॅम म्हणजे टेबल. काम करायचं तर वस्तू कपाटातून टेबलावर काढावी लागते. आपण फोटो बघतो, टाईप करतो, ते सगळं टेबलावर चाललेलं असतं, आणि 'सेव्ह' केलं की टेबलावर जसं असेल तसं कपाटात जातं. आमच्या आठ जीबी रॅममध्ये असे सुमारे ६,९०० कोटी बारीक खाने आहेत. एकेका खान्यात थोडीशी वीज असली की एक, नसली की शून्य. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजही मुळात तीच चालते. या खान्यांना बारीक गळती असते. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक खाना वाचून पुन्हा भरावा लागतो. गळक्या माठात सतत पाणी ओतत राहावं तसं. एखादा खाना जरा जास्त गळायला लागला की एकाचा शून्य होतो. आणि मशीनला ते कळत नाही. साध्या रॅमला आपण विसरलो हे समजण्याची सोयच नसते. ती तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देते.

आता सर्वात महत्त्वाचं. भाचा बसला की निळा स्क्रीन आणि आबा बसले की काहीच नाही, हे का? आबांच्या टायपिंगला टेबलाचा एक कोपरा पुरायचा. गेमला आणि व्हिडिओला जवळजवळ सगळं टेबल लागायचं. जितकी जास्त रॅम वापरात येईल तितकी त्या गळक्या खान्याशी गाठ पडायची शक्यता जास्त. मी तीस टॅब उघडले तेव्हा माझीही पडलीच. म्हणजे भाच्याचा गुन्हा एवढाच होता की तो मशीनकडून काम करून घेत होता! जो कामाला हात लावतो त्याच्याच हातून वस्तू फुटताना दिसते, आणि आपण हात बघतो, वस्तूला आधीच तडा होता का ते बघत नाही.

मग मी तपासणी केली. कशी केली ते नीट लिहितो, कारण यात कोणालाही जमणार नाही असं काहीच नाही.

विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' नावाचा प्रोग्रॅम २००७ च्या व्हिस्टापासून आहेच. स्टार्टमध्ये नाव टाईप केलं की सापडतो, मशीन पुन्हा चालू करून तपासतो. तो चालवला, तर 'काही दोष नाही' म्हणाला. इथे पुष्कळ लोक थांबतात. मी थांबलो नाही, कारण ती छोटी परीक्षा आहे. घटक चाचणीत पास झाला म्हणजे बोर्डात पास होईलच असं नाही.

दुसरा प्रोग्रॅम मेमटेस्ट८६ प्लस. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिला, 'प्लस' ही त्याच्यातूनच निघालेली वेगळी शाखा, आणि २०२२ मध्ये ती जवळजवळ नव्याने लिहिली गेली. फुकट आहे. पेनड्राइव्हवर टाकायचा, मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचं. विंडोज येतच नाही, सरळ हाच चालू होतो. मग तो रॅमच्या प्रत्येक खान्यात एक नमुना लिहितो, परत वाचतो, मग उलटा नमुना लिहितो, परत वाचतो. लिहिलं ते आणि वाचलं ते जुळलं नाही की लाल ओळ. सगळ्या चाचण्यांची एक फेरी, तिला पास म्हणतात. आमच्या मशीनवर एका फेरीला तासाच्या वर लागायचा.

रात्री दहाला लावला. पहिली फेरी स्वच्छ. झोपलो. पहाटे पाणी प्यायला उठलो तर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तीन लाल ओळी. तिन्ही जवळजवळ एकाच पत्त्यावर, सहा जीबीच्या पुढे कुठेतरी. तिथे उभा राहून मी त्या ओळींकडे बराच वेळ बघत होतो. आनंद व्हायला हवा होता, रोग सापडला होता. पण डोळ्यांसमोर जिलबीचं ताट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यात पस्तीस टक्क्यांना पास असं काही नसतं. ६,९०० कोटींत एक चूक म्हणजे नापास. आणि एक-दोन फेऱ्यांवर विश्वास ठेवू नका, रात्रभर चालू द्या. आमचा दोष पहिल्या फेरीत आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुढचं काम. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवलेली, हात डब्याच्या पत्र्याला लावून. दोन्ही पट्ट्या काढल्या. आमच्या भागात ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं तेव्हा थ्रेशरची धूळ गावभर असते, ती डब्यात थरानं बसलेली होती. धूळ ब्रशने काढली. पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा उपाय सगळ्या दुकानात करतात आणि तो कधीकधी लागूही पडतो, कारण दातांवर मळ बसून नीट टेकत नसेल तर साफ केल्यावर टेकतं. फक्त हळू, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. आमच्याकडे साफ करून, नीट बसवून पुन्हा चाचणी लावली. लाल ओळी आल्याच. म्हणजे मळ नाही.

मग एकच पट्टी ठेवून चाचणी, मग दुसरी ठेवून. पत्त्यावरून कोणती पट्टी वाईट हे ओळखता येत नाही, कारण दोन पट्ट्या असल्या की मशीन दोघींत आलटून पालटून लिहितं. त्यामुळे एकेक काढूनच बघावं लागतं. एक स्वच्छ निघाली, दुसरी नापास. पण अजूनही निकाल नाही. कदाचित पट्टी चांगली असेल आणि स्लॉट खराब. म्हणून नापास पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि पास पट्टी तिच्या जागी. पुन्हा तीच नापास. आता मात्र खात्री. चार रात्री गेल्या. खर्च शून्य.

जिल्हा होऊन त्या जुलैत पंचवीस वर्षं होणार होती, पण जुनी डीडीआर-३ पट्टी काही त्या आठवड्यात वाशिमला सापडली नाही. अकोल्याहून सेकंडहँड मागवली, सहाशे रुपये. तीही आधी रात्रभर तपासली. तेव्हापासून निळा स्क्रीन एकदाही नाही.

तीन हजार नऊशे पन्नास आणि सहाशे. हिशोब तुमच्यापुढे आहे.

आता माझं मत, ज्याच्यासाठी एवढं पुराण लावलं.

पहिलं, फॉरमॅट हे निदान नाही. तो फक्त पुरावा पुसण्याचा प्रकार आहे. फॉरमॅट केल्यावर मशीन काही दिवस बरं चालतं, कारण नव्या विंडोजवर आपण अजून फारसं काही उघडलेलं नसतं, टेबल रिकामं असतं. त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटतं आणि खरा दोष आणखी पंधरा दिवस लपतो. निळा स्क्रीन दरवेळी वेगळं कारण सांगत असेल, झिप फाईल उघडताना खराब आहे म्हणत असेल, विंडोज बसवताना मध्येच 'फाईल वाचता येत नाही' म्हणत असेल, तर आधी रॅम तपासा, मग बाकीचं. ती तपासणी फुकट आहे आणि तिने काही पुसलं जात नाही, एवढंच कारण पुरेसं आहे.

दुसरं, हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांचं होत नाही. लिनक्स ज्यांनी लिहिलं ते लिनस टॉरवाल्ड्स. आमच्याकडे निळा स्क्रीन सुरू झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मशीनवर प्रोग्रॅम उगाच पडायला लागले. त्यांनाही आधी संशय आला तो नव्या कर्नलमध्ये आलेल्या बदलांचा, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या कामाचा. मग जुनं कर्नल चालवून पाहिलं, तिथेही तेच. मग रात्रभर मेमटेस्ट. अडीच वर्षं नीट चाललेली एक पट्टी गेलेली. एवढा मोठा माणूस, पण त्याने एक गोष्ट केली जी मी सहा महिने केली नाही. दुसऱ्याचा दोष धरण्याआधी जुनं कर्नल लावून पडताळून पाहिलं.

तिसरं, दुकानदारांबद्दल. मला त्या माणसावर राग काढायचा नाही. रॅम सापडल्यावर मी त्याच्याकडे गेलो, भांडायला नाही, सांगायला. तो म्हणाला, "भाऊ, मले मालूम नाही का मेमटेस? पन रातभर मशीन लावून ठेवाव लागते. सकाळी 'काही नाही निघालं' म्हटलं तं तुमी पैसे देसान का?" मी विचार केला. दिले नसते. काहीतरी बदललं, काहीतरी घातलं, तरच आपण पाकीट काढतो. तपासून 'हे ठीक आहे' असं सांगितल्याचे पैसे आपण डॉक्टरलाही कुरकुरत देतो. मग तो फॉरमॅट मारणारच. ही पद्धत आपणच लावली आहे. माझं म्हणणं आहे की दुकानांनी 'तपासणी, रात्रभर, इतके रुपये' अशी पाटी लावावी आणि आपण ते पैसे मुकाट्याने द्यावेत. मी आता देतो.

चौथं मत कंपन्यांबद्दल. चूक ओळखणारी आणि सुधारणारी रॅम असते, तिला ईसीसी म्हणतात. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे ठेवतात, त्यांच्या हिशोबावरून एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. बँकांच्या, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये ती असते. गूगलने टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधिकेबरोबर आपल्या सर्व्हरांचा जवळजवळ अडीच वर्षं अभ्यास केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षाला तिथल्या साधारण एक तृतीयांश मशीनवर आणि आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक सापडली. आणि उन्हाला शिव्या देणाऱ्या मला धडा म्हणजे, तापमानाचा परिणाम त्यांना अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला. मग घरच्या मशीनला ही सोय का नाही? घरातल्या आठवणींची किंमत बँकेच्या आकड्यांपेक्षा कमी असते असं कोणी ठरवलं? नव्या डीडीआर-५ मध्ये चिपच्या आतल्या आत थोडी दुरुस्ती असते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय बिघडलं ते तिला दिसत नाही. चार पैसे जास्त घ्या, पण 'मी चुकते आहे' असं स्वतः सांगणारी रॅम घरोघरी द्या, एवढंच म्हणणं आहे.

कारण नुसता निळा स्क्रीन आला तर आपण सुदैवी. मशीन पडलं, कळलं. खरी भीती गुपचूप होणाऱ्या चुकीची. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला बरोबर ४,०९६ मतं जास्त पडली. शक्यच नव्हती इतकी मतं, म्हणून लक्षात आलं. दोनाचा बारावा घात म्हणजे ४,०९६. एकच बिट उलटला असावा, असाच अंदाज निघाला. आकडा अशक्य नसता तर कोणाला कळलं असतं?

आणि आपल्या मराठीतही बघा. युनिकोडमध्ये 'क' आणि 'ग' यांच्या क्रमांकात फक्त एका बिटाचा फरक आहे. तो बिट उलटला की 'काय' ची 'गाय' होते. हसू नका, कारण आबांच्या आठवणींत एका ठिकाणी खरंच 'काय करावे' च्या जागी 'गाय करावे' निघालं होतं, आणि आम्ही सगळे म्हणालो होतो, "आबा, आता वय झालं, चष्मा बदला." ते रॅमने केलं असं मी शपथेवर सांगणार नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर क आणि ग वरखालीच आहेत, बोट घसरूही शकतं. पण आबांनीच केलं असंही आता मी शपथेवर सांगणार नाही. त्यांनी चष्मा बदलला. नंबर तोच निघाला.

फोटोंचं मात्र निश्चित नुकसान झालं. दुसऱ्या फॉरमॅटआधी मी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले होते, आणि मूळ पुसले. ती कॉपी त्याच गळक्या टेबलावरून गेली होती. साधारण अकराशेपैकी तेवीस फोटो अर्ध्यातून करडे निघाले. त्यात दोन आईचे होते, पोहरादेवीला काढलेले. एक ताईच्या फोनमध्ये सापडला, व्हॉट्सअ‍ॅपवर बारीक झालेला. दुसरा कुठेच नाही.

वाशिमकरांना एक गोष्ट ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा वेगळी होती हे कित्येक वर्षं कोणाला माहीतच नव्हतं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात तिच्या राजांची नावं होती, पण लेख झिजलेला, त्यामुळे नावं चुकीची वाचली गेली. १९३९ मध्ये वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी त्याचा अभ्यास केला, आणि मग अजिंठ्याचं वाचन दुरुस्त झालं. एक प्रत झिजली होती, दुसरी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वस्तूवर होती म्हणून चूक सापडली. तेव्हा फोटोंच्या निदान दोन प्रती ठेवा, वेगवेगळ्या मशीनवरून केलेल्या, आणि मूळ पुसण्याआधी उघडून बघा. सगळे. कंटाळा आला तरी.

पासवर्डचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात भाचा निकालाआधी चार दिवस आला, तेव्हा मी त्याला समोर बसवून मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला, आणि म्हणाला, "म्हणजे फॉरमॅटने गेलं नाही ते." बस, एवढंच. नंतर पासवर्ड काढला. पण त्याला मोबाईलवर बारावीचा अभ्यास करावा लागला ते काही परत आणता येत नाही. तो आता अमरावतीला इंजिनिअरिंग करतो. मार्क बरे मिळाले होते. आणखी किती मिळाले असते ते मला माहीत नाही, आणि हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नाही.

तर कारंज्याच्या त्या लग्नात जे होते त्या सगळ्यांना कळवण्यात येते की आमच्या कॉम्प्युटरची वाट भाच्याने लावली नव्हती. रॅमची एक पट्टी खराब होती, आणि ती तपासायची सोडून मी माणूस तपासत बसलो होतो. काकू, पुढच्या लग्नात त्याला भेटलात तर हे लक्षात असू द्या.

ती खराब पट्टी मी टाकलेली नाही. टेबलाच्या खणात आहे. कोणाचं मशीन अडलं आणि कोणी "पोरानं बिघडवलं" म्हणत आलं, की मी आधी ती काढून दाखवतो.

असो. बारा वाजत आले. सेव्ह करतो. दोन ठिकाणी.